खुर्चीत ताठ बसू की रेलून?

वाचकाचं पत्र: "माझं वय ६३, उंची जेमतेम पाच फूट. गेल्या वर्षी लेकीने मोठ्या हौसेने ऐसपैस रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे कलणारी आणि पाय वर घेता येणारी खुर्ची, घेऊन दिली. वाचन, विणकाम, टीव्ही सगळं तिच्यातच चालतं. लहानपणापासून 'पाठ ताठ ठेव' हेच ऐकत आले, म्हणून त्या खुर्चीतही ताठ बसायचा प्रयत्न करते; पण जमत नाही. सकाळी खुर्चीवर सरळ घातलेली चादर संध्याकाळपर्यंत पुढे गोळा होते, तीही एक कटकट. तासाभराने उठले की कंबर धरते, चार पावलं वाकूनच चालते. माकडहाडापाशी ठणकतं आणि संध्याकाळी मान वळत नाही. डॉक्टरांनी तपासून काळजीचं काही नाही असं सांगितलं आहे. लेकीला यातलं काही बोललेली नाही, तिला वाईट वाटेल. अशा खुर्चीत नीट बसायचं कसं? की खुर्ची काढूनच टाकू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

खुर्ची एवढ्यात काढू नका. दुखण्याबद्दल तुम्ही बरंच लिहिलंत, पण माझं लक्ष अडकलं ते चादरीवर. चादर आपण होऊन पुढे येत नाही. तुमचं अंग दिवसभर बोटबोट पुढे सरकतं आणि जाताना तिला ओढून नेतं. कंबर, माकडहाड आणि मान या तिन्ही तक्रारी मला त्या एका घसरण्यातून आलेल्या दिसतात. मागे रेलण्याचा यात काही दोष नाही.

कसं ते सांगते. टणक स्टुलावर बसा आणि दोन्ही तळहात बुडाखाली सरकवा. डावीकडे एक, उजवीकडे एक असे दोन उंचवटे हाताला टोचतील. बसल्यावर वजन घ्यायचं काम या दोन हाडांचं. वजन त्यांच्यावर असलं की ओटीपोटाभोवतीचा हाडांचा कटोरा उभा राहतो आणि त्यावर कमरेचे पाच मणके आपला नेहमीचा, आत वळलेला बाक धरून बसतात. आता तशाच हात ठेवून बूड जरा पुढे सोडा आणि पाठ ढिली करा. उंचवटे तळहातावरून निसटतात, कटोरा मागे कलंडतो आणि वजन माकडहाडाच्या बाजूला जातं. कमरेचा बाक सपाट होतो, कधी उलटा बाहेरही येतो. पाठ अशी गोल झाली की डोकं पुढे काढल्याशिवाय समोरचं दिसत नाही. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. तेवढं ओझं मानेचे मागचे स्नायू तासन् तास ओढून धरत असतील, तर संध्याकाळी मान वळणार कशी?

आता तुमच्या 'ताठ'बद्दल. घरच्यांनी 'पाठ ताठ ठेव' सांगितलं ते पोक निघू नये म्हणून, आणि ते योग्यच होतं. पण न टेकता ताठ बसायचं तर पाठीच्या स्नायूंना सतत राबावं लागतं. ते दमले की अंग आपोआप खाली बसतं. तुमच्या खुर्चीला टेकायला भलीमोठी पाठ असताना तिच्यापासून चार बोटं पुढे ताठ बसून राहणं म्हणजे पाठीला विनाकारण कामाला लावणं. टेकून बसा, आणि त्यात आळशीपणा झाला असं अजिबात मानू नका.

याला मोजमापांचा आधारही आहे. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत बारीक सुई घालून आतला दाब मोजला. त्यांच्या आणि पुढच्या मोजणीत एक गोष्ट ठळक दिसली. पुढे वाकून बसलं की दाब वाढतो, पाठ मागच्या टेकूवर सोपवली की उतरतो. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथे २२ निरोगी स्वयंसेवकांना तीन प्रकारे बसवून एमआरआय काढला गेला. पोक काढून, काटकोनात ताठ, आणि मांडी व पाठ यांत १३५ अंशांचा कोन ठेवून मागे रेलून. चकत्या जागेवरून सर्वांत कमी सरकल्या त्या रेललेल्या बैठकीत. बावीस माणसं म्हणजे फार नव्हेत, हे खरं. शिवाय त्यांचे पाय जमिनीवर होते, तुमच्यासारखे वर उचललेले नव्हते, आणि ही बाब तुमच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे.

पलंगावर बसून एक प्रयोग करून बघा. पाठीला आधार न घेता दोन्ही पाय समोर सरळ लांब करा. मांडीच्या मागे ताण येईल आणि कंबर गोल होऊन मागे जाईल. आता गुडघ्यांखाली एक जाड उशी घाला. ताण सुटतो आणि कंबर बरीचशी सरळ होते. मांडीमागचे स्नायू वर त्या बैठकीच्या हाडांना आणि खाली गुडघ्यापलीकडे जोडलेले असतात. गुडघा सरळ झाला की ते दोर ओढल्यासारखी कटोऱ्याची खालची बाजू पुढे खेचतात आणि कटोरा मागे कलंडतो. दांडा ओढायच्या बऱ्याच रिक्लायनरमध्ये पहिल्या टप्प्याला फूटरेस्ट वर येतो आणि पाठ जवळजवळ उभीच राहते. टीव्ही बघायला माणसं नेमकी याच टप्प्यावर थांबतात. पाय सरळ, पाठ उभी, म्हणजे पलंगावरचा पहिला प्रयोगच. फरक एवढाच की तो तासभर चालतो. म्हणून एक सवय लावून घ्या. पाय वर घेतलेत तर पाठही मागे न्या. पाठ उभी हवी असेल तर पाय खाली. आणि पाय वर असताना गुडघ्यांखाली पातळ उशी, म्हणजे गुडघे किंचित वाकलेले राहतील. टाचांवर सगळा भार न येता पोटऱ्या टेकलेल्या हव्यात.

पण हे सगळं नंतरचं. तुमची घसरण सुरू होते ती त्याआधी, बसल्या क्षणी. पाच फूट उंची आणि ऐसपैस खुर्ची, हे वाचलं तेव्हाच मला शंका आली. आज खुर्ची पूर्ण उभी करा, बूड अगदी मागच्या खाचेत टेकवा आणि गुडघ्यामागे बोटं घालून बघा. बैठकीची कडा आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. मला वाटतं, तुमच्या बाबतीत एकही मावणार नाही. कडा पोटरीत रुतेल, किंवा पाय जमिनीला पोचणार नाहीत आणि लोंबकळतील. असं झालं की शरीर आपली सोय बघतं. गुडघे मोकळे करायला बूड पुढे येतं आणि पाठीमागे पोकळी राहते. मग तुम्ही त्या पोकळीत मागे पडता. यात तुमच्या वळणाचा किंवा आळसाचा काही संबंध नाही. खुर्चीची बैठक तुमच्या मांडीपेक्षा लांब आहे, एवढंच.

यावर उपाय सोपा आहे. खुर्चीच्या बैठकीची लांबी कमी करा. त्यासाठी पाठीमागे एक घट्ट, सपाट उशी लावा. खाली बैठकीला टेकलेली आणि वर खांद्यांपर्यंत येणारी. कापसाची किंवा पिसांसारखी मऊ उशी चालणार नाही, ती दहा मिनिटांत दबते आणि पोकळी परत येते. दाट फोमचा तुकडा खोळीत घालून घेतलात तर उत्तम. जाडी किती? गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मावतील इतकी. दुसरं माप नको. पाय उभ्या खुर्चीत जमिनीला पोचत नसतील तर खाली एक ठेंगणं, न सरकणारं पाट-स्टूल ठेवा. आणि ती चादर काढून टाका. घसरणीला ती मदतच करते. कापड लागतंच असेल तर खरखरीत पोताचं, मागून घट्ट बांधलेलं असू द्या.

मग कमरेचा आधार. हात पुसायचा टॉवेल घ्या, आपल्या मनगटाच्या वरच्या भागाइतका जाड होईल असा गुंडाळा, दोन रबरं लावा आणि कमरेच्या पट्ट्याच्या जरा वर आडवा ठेवा. तो जाणवला पाहिजे, पण टोचता कामा नये. बायकांकडून एक चूक हमखास होते, पुरुषही करतातच म्हणा. ही वळकटी खाली माकडहाडामागे जाते आणि बुडाला आणखी पुढे ढकलते. तसं होऊ देऊ नका. खुर्ची बरीच मागे केलीत की ती काढा किंवा पातळ करा, कारण तेव्हा तेवढा फुगवटा कमरेला जास्त होतो.

बसायचा क्रम मात्र रोज तोच ठेवा, आठवडाभरात अंगवळणी पडेल. खुर्ची पूर्ण उभी, पाय जमिनीवर किंवा स्टुलावर. पुढे झुका, हात आर्मरेस्टवर टेकवून अंग कणभर हलकं करा आणि बूड मागे, पाठ-बैठकीच्या खाचेपर्यंत न्या. तिथे ते टेकलं याची खात्री झाल्यावरच पाठ टेकवा. मग खुर्ची मागे करा आणि मग पाय वर. बटणाची खुर्ची असेल आणि दोन्ही वेगवेगळे हलत असतील तर हा क्रम सहज जमतो. दांड्याची असेल आणि पाय आधी येत असतील, तर पाय वर आल्याबरोबर न थांबता पाठीने खुर्ची मागे रेटा.

कोन किती, हे तुम्ही विचारलेलं नाही. तरी सांगते, कारण 'मागे' म्हणजे किती यावरच गाडी अडते. घड्याळात तीन वाजतात तेव्हा काट्यांमध्ये काटकोन असतो, चार वाजतात तेव्हा १२० अंश. वाचायला, विणायला, टीव्हीला तुमच्या मांड्या आणि पाठ यांमधला कोन या दोहोंच्या मध्ये, चारकडे झुकलेला असावा. त्याहून जास्त कलंडणं हे डोळे मिटून पडायला ठीक, हातात काम असताना नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. खुर्चीची पाठ ज्या बिजागरीवर फिरते ती आपल्या खुब्याच्या जागी नसते. त्यामुळे पाठ मागे जाताना आणि विशेषतः परत वर येताना खुर्चीचं अस्तर आपल्या पाठीवर घासत सरकतं. कधी सदरा पाठीवर चढून गोळा झालेला जाणवतो, तो यामुळेच. वर येताना खुर्ची आपल्याला थोडं पुढेही ढकलते. म्हणजे चहा घ्यायला खुर्ची उभी केलीत आणि परत मागे गेलात, तर तुम्ही मघाच्या जागेवर नसता. खुर्ची उभी झाली की दर वेळी बूड पुन्हा मागे घ्या. वयाने फार थकलेल्या, स्वतः हलू न शकणाऱ्या माणसांच्या बाबतीत तर हे घासणं माकडहाडावरच्या त्वचेला जखम करू शकतं. घरात असं कुणी अशा खुर्चीत बसत असेल, तर रोज तिथली त्वचा पाहावी. लाली दिसली आणि ती बोटाने दाबूनही जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवावी.

मानेकडे येऊ. उंच माणसासाठी बनवलेल्या खुर्चीचा डोक्यामागचा फुगवटा तुमच्यासारख्या ठेंगण्या बाईच्या माथ्यामागे येतो आणि हनुवटी छातीकडे ढकलतो. इथे आपण सगळेच एक उशी वाढवतो. माझे वडील शेवटची काही वर्षं अशाच खुर्चीत बसायचे. मान दुखते म्हणाले की मी डोक्यामागे उशी द्यायचे. पुन्हा दुखली की दुसरी. एका दुपारी ते डुलकी घेत होते आणि त्यांची हनुवटी गळ्यात रुतलेली होती. मी बाजूने बघत उभी होते तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की इतके दिवस मीच त्यांची मान वाकवत होते. दोन्ही उशा काढल्या, मानेच्या खोलगटात लहान टॉवेलची मऊ गुंडाळी ठेवली. डोकं मागे टेकलं, चेहरा समोर आला. आधार मानेच्या बाकाला हवा, डोक्याच्या मागच्या फुगीर भागाला नको. पाठीमागच्या घट्ट उशीने तुम्ही पुढे आलात की फुगवट्याचा रेटाही थोडा कमी होईल.

टीव्हीचंही बघा. मागे रेललं की आपली नजर वर जाते. पडदा खाली असेल तर तो बघायला हनुवटी आत खुपसावी लागते. पडदा उंच करा, किंवा खुर्ची कमी कलंडवा. चष्मा दुहेरी भिंगाचा असेल तर खालच्या भिंगातून बघण्याच्या नादात मान विचित्र कोनात राहते. वाचनाला साधा, एकाच नंबरचा चष्मा सोयीचा पडतो. पुस्तक आणि विणकाम मांडीवर पडून राहू देऊ नका. मांडीवर मोठी उशी घ्या, कोपरं तिच्यावर टेकवा, म्हणजे काम नजरेजवळ येतं आणि खांद्यांना हात तोलावे लागत नाहीत.

एवढं सगळं नीट केलंत तरी तासभर एका जागी बसू नका. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडतो, सुटतो, त्या हालचालीबरोबर आत-बाहेर होणाऱ्या द्रवातून त्यांचं पोषण चालतं. त्यामुळे एकच उत्तम बैठक शोधून तिच्यात थिजून राहणं त्यांना मानवत नाही. अर्ध्या तासाने उठा, खोलीत एक फेरी मारा. उठणं शक्य नसेल तेव्हा खुर्चीचा कोन बदला, घोटे वीस-पंचवीस वेळा वर-खाली करा. पोटऱ्यांतलं रक्त त्याने वर ढकललं जातं. विणकामाची ओळ पूर्ण झाल्याशिवाय उठवत नाही हे मला माहीत आहे. मग ओळीच मोजा; दहा झाल्या की उठायचं. रात्रभर मात्र खुर्चीत झोपू नका. श्वासाच्या किंवा पित्ताच्या त्रासामुळे डॉक्टरांनीच डोकं उंच ठेवायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

उठताना तुमची कंबर धरते, त्यात उठण्याच्या पद्धतीचाही वाटा असावा. फूटरेस्ट टाचांनी दाबून खाली ढकलू नका. त्या जोराला कंबर झटका खाते. दांडा किंवा बटण वापरा. खुर्ची पूर्ण उभी करा आणि मिनिटभर तशाच बसा, पाय बराच वेळ वर असले तर एकदम उठताना चक्करही येऊ शकते. मग बैठकीच्या कडेपर्यंत पुढे या, पाऊलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि आर्मरेस्टवर हात टेकवून उठा. उठल्यावर तळहात कमरेमागे ठेवून दोन-तीनदा हळूच मागे वाका.

डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं आहे, म्हणून मी हे सगळं निर्धास्त लिहिते आहे. तरीही दुखणं पायात उतरू लागलं, पाय लुळा पडतोय असं वाटलं, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर उशा लावत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना. खुब्याचा सांधा बदललेला असेल, मणक्याची नस दबलेली असेल किंवा मणका सरकलेला असेल, तर कोणता कोन सोसेल हे प्रत्येकाचं वेगळं असतं. त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारावं.

राहता राहिली लेक. तिला सांगा, ताई. तिने खुर्ची घेतली ती तुम्हाला आराम मिळावा म्हणून. तुम्ही दुखणं गिळून त्याच खुर्चीत बसता हे उद्या तिला दुसरीकडून कळलं तर जास्त लागेल. शिवाय मला तिच्याकडून एक काम हवं आहे. तुम्ही नेहमीसारख्या बसा, वीस मिनिटं जाऊ द्या, आणि तुमचं लक्ष टीव्हीत असताना तिला बाजूने एक फोटो काढू द्या. मग उशी, वळकटी, सगळं लावून पुन्हा वीस मिनिटांनी दुसरा. पहिल्या फोटोत बूड आणि खुर्चीची पाठ यांमधली पोकळी दिसेल, कान खांद्याच्या बराच पुढे दिसेल. दुसऱ्यात पोकळी उरता कामा नये. उरलीच, तर उशी अजून दोन बोटं जाड करा. दोन-तीन वेळा असं करून बघा, योग्य जाडी सापडेल. तीन आठवडे नीट बसूनही त्रास तसाच राहिला, तर खुर्ची मापाला मोठी आहे असं समजून ती बदलायचा विचार लेकीबरोबरच करा, आणि या वेळी खुर्चीत आधी स्वतः अर्धा तास बसून मगच हो म्हणा.

तुमची,
सल्लागार ताई